सर्व्हर बंद पडू नये, कुणी घुसू नये आणि लांबून सांभाळता यावा म्हणून त्यात काय काय असतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर पहिल्यांदा ज्याच्या गळ्यात पडतो तो जे प्रश्न विचारतो तेच इथे घेतलेत, क्रम वगैरे फार लावलेला नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण ती पुढे जागोजागी येणारच आहे. सर्व्हरमधला पहिला बिघाड आवाज करत नाही. दोनातला एक पॉवर सप्लाय जातो, चारातली एक डिस्क जाते, आणि सर्व्हर काही झालंच नाही असा चालत राहतो, कारण तो बनवलाच तसा आहे. बंद पडतो तो दुसऱ्या बिघाडाला. मधला जो वेळ मिळतो, दोन दिवस असो की चार महिने, त्यात कुणाचं तरी लक्ष गेलं पाहिजे.

प्रोसेसर, रॅम, डिस्क हे चांगल्या डेस्कटॉपमध्येही असतं, मग सर्व्हर वेगळा कशाने?

वेगाने तर नक्कीच नाही, एकेकट्या कामात कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर सर्व्हरवाल्यांपेक्षा फास्ट निघतात. सर्व्हर वेगळा असतो तो तीन गोष्टींनी. पार्ट खराब झाला तरी काम थांबत नाही, तो पार्ट बहुतेक वेळा मशीन चालू असतानाच बदलता येतो, आणि समोर स्क्रीन-कीबोर्ड नसताना सगळं लांबून बघता येतं. डिस्क पुढून ओढून काढता येतात, पॉवर सप्लाय मागून, पंखे वरचं झाकण उघडून. पंखे एकापेक्षा जास्त असतात, एक गेला की बाकीचे जोरात फिरून भरपाई करतात, म्हणूनच एखादा सर्व्हर अचानक जास्त ओरडायला लागला तर आधी पंख्यांचं स्टेटस बघा.

ईसीसी रॅम खरंच लागते का? साधी रॅम वर्षानुवर्षं चालते की.

चालते, पण ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी रॅम) नसेल तर ती कधी चुकली हे तुम्हाला कळत नाही, अडचण तिथेच आहे. रॅममधला एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो, कारण कधी रेडिएशन असतं, कधी चिपच कमजोर झालेली असते. तो बिट एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात असेल तर काहीच बिघडत नाही, पण डेटाबेसमधल्या रकमेत किंवा फाईल सिस्टीमच्या इंडेक्समध्ये असेल तर चुकीचा आकडा निमूटपणे डिस्कवर लिहिला जातो, तिथून बॅकअपमध्ये जातो, आणि तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं की हा हिशोब का जुळत नाही.

ईसीसीमध्ये साधारणपणे प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे असतात, म्हणजे एकूण ७२. या जास्तीच्या बिटांवरून एक बिट चुकला असेल तर कंट्रोलर तो जागच्या जागी दुरुस्त करतो आणि दोन चुकले असतील तर निदान ओळखतो. दोन चुकले की दुरुस्ती जमत नाही, मग सिस्टीम सरळ थांबते किंवा मेमरीचा तो भाग वापरणारा प्रोग्राम मारून टाकते. लोकांना हे थांबणं आवडत नाही पण मला विचाराल तर चुकीचा डेटा लिहीत चालू राहण्यापेक्षा थांबलेलं शंभर पटीने बरं. यामागचं गणित रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलं. त्यांचं काम शनिवार-रविवारी मशीनवर लावलेलं असायचं, मशीनला चूक सापडायची, आणि चूक सापडली की मशीन ते काम सोडून पुढच्याकडे जायचं. मशीनला चूक कळते तर मग ती कुठे आहे हे शोधून तीच दुरुस्त का करत नाही, या त्यांच्या वैतागातून ते निघालं.

असं खरंच किती वेळा होतं यावर गुगलच्या मशीनचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकवर दुरुस्त होण्याजोग्या चुका दिसल्या. त्यातही ज्या स्टिकवर एकदा चूक दिसली तिच्यावर पुन्हा दिसण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून लॉगमध्ये दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा एकाच स्लॉटवर वाढत असेल तर दुरुस्त होतायत ना मग ठीक आहे असं म्हणू नका, ती स्टिक बदला.

डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच म्हणतात, मग वेगळी रॅम कशाला?

हा गैरसमज फार पसरलाय. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) च्या प्रत्येक चिपच्या आत स्वतःपुरती दुरुस्ती असते हे खरं, पण ती चिपच्या आतच राहते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही आणि आतमध्ये किती चुका दुरुस्त झाल्या याची खबर सिस्टीमला साधारणपणे मिळत नाही. सर्व्हरसाठी पूर्ण ईसीसीवालीच स्टिक घ्या, आणि मदरबोर्ड व प्रोसेसर दोघांनाही ते चालतं का हे आधी बघा, कारण काही बोर्डवर ईसीसी स्टिक बसते, मशीन चालूही होतं, फक्त ईसीसी बंद असतं.

दोन पॉवर सप्लाय आहेत, म्हणजे लाईट गेली तरी चालेल ना?

दोन्हींच्या वायरी कुठे जातात ते आधी बघा. दोन्ही एकाच पट्टीत लावलेल्या मी इतक्या वेळा बघितल्यात की आता नवीन ठिकाणी गेलो की पहिलं काम रॅकच्या मागे जाऊन वायर हाताने धरत शेवटपर्यंत जाणं. एक वायर एका यूपीएसवर, दुसरी दुसऱ्या यूपीएसवर किंवा निदान वेगळ्या लाईनवर, तरच त्या दोन सप्लायला अर्थ. दुसरं म्हणजे एकट्या सप्लायला पूर्ण लोड झेपला पाहिजे. ७५० वॅटचे दोन आहेत आणि सर्व्हर खातो ९०० वॅट, अशा वेळी एक गेला की दुसराही आडवा होतो किंवा सर्व्हर स्वतःला एकदम स्लो करतो. नंतर ग्राफिक्स कार्ड किंवा जास्तीच्या डिस्क टाकल्या की हा हिशोब पुन्हा करावा लागतो आणि तो कुणी करत नाही.

एक प्रसंग सांगतो. एका ठिकाणी एका यूपीएसची सर्व्हिसिंग होती, ते बंद करायचं होतं, सगळ्या सर्व्हरला दुसरी लाईन आहेच म्हणून सगळे निर्धास्त होते. यूपीएस बंद केलं आणि डेटाबेसचा सर्व्हर त्याच क्षणी गेला. लॉग उघडला तर त्यात दुसरा पॉवर सप्लाय फेल झाल्याची नोंद होती, चार महिन्यांपूर्वीची, अगदी तारीख-वेळेसकट. मागे नारिंगी लाईट लागलेला होता पण रॅकचं मागचं दार बंद असायचं, आणि ईमेल अलर्ट ज्या पत्त्यावर जात होता तो माणूस नोकरी सोडून गेलेला. डेटाबेस पुन्हा उभा करायला पहाट झाली. सप्लाय बदलायला लागली असती पाच मिनिटं, मशीन चालू असताना.

रेड कोणती लावायची, पाच, सहा की दहा?

आधी थोडक्यात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच असल्यासारख्या वापरणं. रेड १ म्हणजे दोन डिस्कवर तेच ते, एक गेली तरी दुसरी आहे. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता येईल अशा हिशोबाला) जाते आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी चालतं. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जागा जाते आणि दोन गेल्या तरी चालतं. रेड १० म्हणजे जोड्या-जोड्या, निम्मी जागा जाते पण लिहिण्याचा वेग चांगला आणि नवीन डिस्क भरून यायला कमी त्रास. रेड ० मध्ये सुरक्षितता काहीच नाही, एक डिस्क गेली की सगळं गेलं, नावात रेड आहे यावर जाऊ नका.

ही कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या पेपरमधून पुढे आली तेव्हा डिस्क अगदी लहान होत्या. आता १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी या वेगाने भरायची म्हटली तरी २२ तास लागतात, आणि हे दुसरं काहीच काम चालू नसताना. प्रत्यक्षात सर्व्हर कामात असतो त्यामुळे दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढा सगळा वेळ रेड ५ एका पायावर उभी असते आणि उरलेल्या सगळ्या डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जात असतात, म्हणजे ज्या सेक्टरला वर्षभरात कुणी हात लावला नव्हता तोही आता वाचावा लागतो आणि तो वाचता आला नाही तर अडकलं. म्हणून मोठ्या फिरत्या डिस्क असतील तर रेड ६, डेटाबेस असेल तर रेड १०, असं मी सांगतो. सोबत पॅट्रोल रीड किंवा स्क्रब चालू ठेवा, त्यात कंट्रोलर रिकाम्या वेळात सगळ्या डिस्क वाचून बघतो आणि खराब जागा आधीच सापडतात. हॉट स्पेअर म्हणून एक डिस्क लावून ठेवलीत तर रात्री दोनला डिस्क गेली तरी भरणं लगेच चालू होतं, सकाळची वाट बघावी लागत नाही.

आणि डिस्क बदलायला जाताना लोकेट लाईट लावा. सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा लाईट लुकलुकवता येतो. आधीच एक गेलेली असताना चुकून शेजारची चांगली डिस्क ओढली की रेड ५ तिथेच संपते.

रेड आहे मग बॅकअप कशाला?

कारण तुम्ही फाईल डिलीट केली की रेड ती दोन्ही डिस्कवरून तत्परतेने डिलीट करते. रॅन्समवेअरने एन्क्रिप्ट केलं तर दोन्हीकडे एन्क्रिप्ट. रेड फक्त डिस्क खराब होण्यापासून वाचवते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाऊड या क्लाऊड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच जागी होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. बॅकअप दुसऱ्या जागी पाहिजे आणि वर्षातून एकदोनदा तो परत आणून बघितला पाहिजे.

सगळ्या डिस्क एकाच लॉटमधल्या घेतल्या तर बिघडलं कुठे?

त्या सगळ्या एकाच वयाच्या, एकाच फर्मवेअरच्या (पार्टच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर), आणि रेडमध्ये असल्याने एकाच मिनिटाला चालू झालेल्या असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडीच्या फर्मवेअरमध्ये चूक आहे, डिस्क ३२,७६८ तास चालली की बंद पडते, डेटाही परत मिळत नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. प्रोग्रामरच्या नजरेला हा आकडा लगेच खटकतो, १६ बिटांच्या अधिक-उणे चिन्ह असलेल्या पूर्णांकात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७, तास मोजणारा काउंटर त्याच्या पुढे गेला की उलटतो. आता विचार करा, रेड ६ मध्ये अशा आठ डिस्क, सगळ्या एकाच दिवशी चालू केलेल्या. एकामागोमाग एक सगळ्याच जाणार, दोन जाण्याची सोय तिथे काय कामाची? उपाय साधा होता, आधी फर्मवेअर अपडेट. ज्यांनी नोटीस वाचली त्यांचं काहीच गेलं नाही.

रेड कार्डावर बॅटरी कसली असते?

वेग मिळावा म्हणून रेड कार्ड (डिस्क सांभाळणारा कंट्रोलर) डेटा आधी स्वतःच्या कॅशेमध्ये घेतं आणि लिहिलं असं सांगून मोकळं होतं, डिस्कवर मागाहून टाकतं. मधेच लाईट गेली तर तो डेटा हवेत. बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर त्या कॅशेला तेवढा वेळ जगवतो. बॅटरी दोनेक वर्षांत म्हातारी होते, मग कार्ड आपणहून सुरक्षित पद्धतीवर जातं आणि सर्व्हर अचानक स्लो वाटायला लागतो. अशा वेळी लोक अॅप्लिकेशनमध्ये दोष शोधत बसतात. बॅटरी मेली असतानाही कॅशे जबरदस्तीने चालू ठेवण्याचं एक सेटिंग असतं, त्याला हात लावू नका. एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का ते बघा, कारण तेच.

बीएमसी म्हणजे काय?

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसलेला एक छोटासा स्वतंत्र कॉम्प्युटर. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, बहुतेक वेळा लिनक्सच, आणि स्वतःचा नेटवर्क पोर्ट. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायरमध्ये करंट आहे तोवर हा जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ, लेनोव्होवाले एक्सक्लॅरिटी, सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय (खरं तर हे बीएमसीशी बोलण्याचं स्टँडर्ड) म्हणून चालवतात, आणि ओपनबीएमसी नावाचं ओपन सोर्सही आहे. नाव काहीही असो, काम तेच. तापमान, व्होल्टेज, पंखे, सप्लाय, रॅमच्या चुका यावर लक्ष ठेवायचं, नोंद करायची आणि लांबून कुणी सांगितलं तर बटण दाबायचं.

एसएसएच आहे, रिमोट डेस्कटॉप आहे, मग बीएमसीची गरज काय?

एसएसएच (लांबून कमांड देण्याची सोय) चालायला ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत लागते. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लटकला, फायरवॉलचा नियम चुकून स्वतःलाच बाहेर ठेवून गेला, अपडेटनंतर बूटच होत नाही, इथे एसएसएच काय करणार.

समजा मध्यरात्री सर्व्हर उत्तर देत नाहीये. बीएमसीच्या पानावर लॉगिन केलंत, पॉवर चालू दाखवतंय, तापमान ठीक, म्हणजे मशीन जिवंत आहे. रिमोट कन्सोल उघडलात तर सर्व्हरची स्क्रीन जशीच्या तशी ब्राउझरमध्ये दिसते आणि तिथे लिहिलंय की डेटा पार्टिशन माउंट होत नाही, पासवर्ड टाकून मेंटेनन्स मोडमध्ये या. आलात, फाईल सिस्टीम चेक चालवलात, तेवढ्याने झालं तर झालं. नाही झालं तर व्हर्च्युअल मीडियातून तुमच्या लॅपटॉपवरची रेस्क्यू आयएसओ (दुरुस्तीच्या डिस्कची फाईल) त्या सर्व्हरला डीव्हीडी असल्यासारखी जोडा, पुढच्या बूटला त्यावरून चालू व्हायला सांगा, पॉवर सायकल करा. बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या) सेटिंगपर्यंत सगळं दिसतं. नेट स्लो असेल तर ग्राफिक कन्सोल सोडा आणि सिरियल ओव्हर लॅन वापरा, नुसती अक्षरं येतात, मोबाईलच्या नेटवरही चालतं. फक्त ते आधी लावून ठेवावं लागतं, बायोसमध्येही आणि कर्नलच्या बूट लाईनमध्येही, तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या खराब अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर आणल्या. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढणं, पण सेफ मोडमध्ये जायला स्क्रीनसमोर बसावं लागतं. बीएमसी नीट लावलेल्या सर्व्हरवाल्यांनी ते जागेवर बसून केलं, बाकीच्यांना मशीन-मशीनपाशी जावं लागलं, आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर रिकव्हरी कीही हाताशी लागली.

बीएमसीला वेगळं नेटवर्क लागतं का?

हो. वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) तरी हवाच, जमलं तर वेगळा स्विच आणि इंटरनेटची वेगळी लाईनही. मुख्य नेटवर्क पडलं आणि बीएमसीही त्याच नेटवर्कवर असेल तर गरजेच्या वेळीच ती हाताला लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जवळपास सहा तास बंद होतं तेव्हा मुख्य नेटवर्कबरोबर त्यांचा आउट ऑफ बँड (मुख्य नेटवर्क सोडून वेगळा ठेवलेला) रस्ताही बंद पडला आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. एवढ्या मोठ्यांचं होतं तर आपण आपला रस्ता आधी तपासून बघावा हे बरं. मुख्य राऊटर मुद्दाम बंद करून बीएमसीपर्यंत पोचता येतं का हे एकदा करून बघा.

घरून बघता यावं म्हणून बीएमसी सरळ इंटरनेटवर ठेवली तर?

नका ठेवू. यावर माझं मत अजिबात मऊ नाही. बीएमसी हातात आली म्हणजे सर्व्हरच हातात आला, आयएसओ लावून बूट करा, डिस्क पुसा, बायोस बदला, आणि वरच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या अँटीव्हायरसला यातलं काही दिसतही नाही.

जुनी उदाहरणं बघा. आयपीएमआय २.० हे २००४ चं स्टँडर्ड आहे, त्यात लॉगिन होण्याआधीच सर्व्हर तुम्हाला त्या युजरच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक आकडा) देतो. ही कुणाची प्रोग्रामिंगची चूक नाही, स्टँडर्डच तसं आहे, त्यामुळे पॅच येणार नाही. हॅश घेऊन जायचा आणि घरी बसून निवांत फोडायचा. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये सापडलं की वेब विनंतीतल्या एका हेडरमध्ये ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डशिवाय आत जाता येतं. २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये लॉगिन चुकवून आत जाण्याची खोट उघड झाली, तिला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या खोटींच्या यादीत टाकली.

घरून बघायचं असेल तर आधी व्हीपीएन, मग बीएमसी. आयपीएमआयचा यूडीपी ६२३ पोर्ट वापरात नसेल तर बंदच करा.

अजून एक फसवी जागा. बऱ्याच सर्व्हरवर बीएमसीचं सेटिंग फेलओव्हर असतं, म्हणजे तिच्या स्वतःच्या पोर्टला केबल नसेल तर ती मुख्य लॅन पोर्टवर जाऊन बसते. आम्ही बीएमसी जोडलेलीच नाही असं म्हणणाऱ्यांच्या नेटवर्कवर ती डिफॉल्ट पासवर्डसकट बसलेली सापडते. सेटिंग डेडिकेटेड करा.

रेडफिश काय आहे, आयपीएमआय सोडून द्यायचं का?

आयपीएमआय १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आणलं, रेडफिश हे त्याच कामाचं नवं स्टँडर्ड, डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये आणलेलं. रेडफिश एचटीटीपीएसवर चालतं आणि उत्तर जेसनमध्ये (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मजकुरात) देतं, त्यामुळे साध्या स्क्रिप्टमधून शंभर सर्व्हरची तब्येत विचारता येते. नवीन मशीन असेल तर रेडफिशच वापरा. जुन्या मशीनसाठी आयपीएमआयटूल लागणारच, पण बंद नेटवर्कच्या आत.

डिफॉल्ट पासवर्ड बदलला, पुरे ना?

सुरुवात चांगली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून प्रत्येक डिव्हाइसला वेगळा पासवर्ड देण्याचा किंवा पहिल्या वापरात तो बदलायला लावण्याचा कायदा लागू झाला, तेव्हापासून बऱ्याच सर्व्हरवर पासवर्ड एका छोट्या पट्टीवर किंवा स्टिकरवर छापलेला येतो. सर्व्हर रॅकमध्ये चढवण्याआधी त्या पट्टीचा फोटो काढून पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका, नंतर तो वाचायला मान वाकडी करावी लागते. शिवाय प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन द्या म्हणजे कुणी कधी काय केलं ते नोंदीत दिसेल, आणि बीएमसीचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) लावा. घड्याळ चुकीचं असलेल्या बीएमसीच्या लॉगमध्ये १९७० सालच्या नोंदी सापडतात आणि मग काय आधी झालं काय नंतर, कशाचा कशाला मेळ लागत नाही.

सिक्युअर बूट आणि टीपीएम एकच का?

दोन वेगळ्या गोष्टी. सिक्युअर बूट दारावर उभं राहतं, डिजिटल सही नसलेला बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम) आत सोडत नाही. टीपीएम (बोर्डवरची सुरक्षा चिप) कुणाला अडवत नाही, ते फक्त बूट होताना फर्मवेअरपासून पुढे काय काय चाललं त्याचं माप स्वतःत नोंदवून ठेवतं, आणि माप ठरल्याप्रमाणे असेल तरच डिस्क एन्क्रिप्शनची चावी देतं. याचाच उलटा परिणाम असा की मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केला की माप बदलतं आणि सर्व्हर रिकव्हरी की मागत थांबतो. अपडेटआधी एन्क्रिप्शनचं कुलूप तात्पुरतं सस्पेंड करा आणि रिकव्हरी की त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

सिक्युअर बूटबद्दल एक तारीख लक्षात असू द्या. मायक्रोसॉफ्टची २०११ सालची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपायला लागतात. चालू मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण नवीन सर्टिफिकेटं नसतील तर बूटशी संबंधित पुढचे सिक्युरिटी अपडेट लागत नाहीत. सर्व्हर कंपनीचा बायोस अपडेट त्यासाठी बघा.

चालतंय ते फर्मवेअर उगाच कशाला हलवायचं?

भीती रास्त आहे, अपडेट मधेच अडकून बोर्ड गेलेले आहेत. पण वरच्या ३२,७६८ तासांच्या डिस्कही त्या दिवसापर्यंत उत्तम चालत होत्या. रिलीज नोट वाचा, सिक्युरिटी किंवा डेटा जाण्याबद्दल काही असेल तर लवकर करा, नुसती नवीन सोय असेल तर निवांत. आधी एका कमी महत्त्वाच्या मशीनवर, आठवड्याने बाकीच्यांवर. बऱ्याच नवीन सर्व्हरमध्ये फर्मवेअरची दुसरी प्रत असते आणि सही जुळली नाही तर ते आपणहून जुन्या प्रतीवर जातात.

वॉचडॉग चालू करू का?

एकट्या लांबच्या सर्व्हरवर हो. ऑपरेटिंग सिस्टीम ठरलेल्या वेळेत हाक देत राहते, हाक थांबली की बीएमसी मशीन रिस्टार्ट करते. क्लस्टरमध्ये (एकच काम मिळून करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) असेल तर क्लस्टरच्या नियमाने लावा. आणि क्रॅश डंप (बंद पडतानाच्या स्थितीची नोंद) चालू ठेवा, नाहीतर सर्व्हर रोज पहाटे रिस्टार्ट होत राहील आणि कारण कधी कळणार नाही.

अलर्ट लावलेत, ते खरंच येतात हे कसं समजायचं?

वायर काढून. बीएमसीच्या पानावर टेस्ट ईमेलचं बटण असतं, ते दाबून फक्त ईमेल जातो एवढंच कळतं. दोन सप्लाय असलेल्या सर्व्हरची एक वायर ठरलेल्या वेळी, सगळ्यांना सांगून, खरंच ओढा आणि कुणाच्या फोनवर किती वेळात काय आलं ते बघा. त्याआधी दुसरा सप्लाय ठीक आहे ना ते मात्र नक्की बघा. अलर्ट एका माणसाच्या पत्त्यावर नको, ग्रुपच्या पत्त्यावर पाठवा, माणसं बदलतात. शिवाय अलर्ट पाठवणारा मेल सर्व्हर त्याच मशीनवर चालत नाही ना, हेही. आणि महिन्यातून एकदा अलर्ट नसला तरी बीएमसीचा इव्हेंट लॉग उघडून वाचा. तो छोटा असतो, काही मशीनवर भरला की नवीन नोंदी घेणंच थांबवतो, म्हणून वाचून झाला की प्रत सेव्ह करून रिकामा करा.

९९.९९ टक्के अपटाइम म्हणजे किती?

वर्षाला सुमारे ५२ मिनिटं बंद. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९९ म्हणजे पाच मिनिटांच्या थोडं वर. मोठ्या सर्व्हरला रॅम तपासत एकदा पूर्ण रिस्टार्ट व्हायलाच दहा-दहा मिनिटं लागतात, म्हणजे पाच नऊ (९९.९९९) एका मशीनवर होणारच नाहीत, त्याला दोन मशीन आणि मधे काम वळवणारं काहीतरी पाहिजे.

जुना सर्व्हर विकताना किंवा टाकताना काय पुसायचं?

डिस्क सगळ्यांना आठवतात. सेल्फ एन्क्रिप्टिंग डिस्क असेल तर आतली चावी बदलली की काही सेकंदांत सगळा डेटा वाचण्यापलीकडे जातो, बाकी एसएसडीसाठी त्यांची सॅनिटाइझ कमांड वापरा. विसरतात ती बीएमसी. तिच्यात युजर, पासवर्ड, तुमच्या नेटवर्कचे पत्ते, मेल सर्व्हरचं लॉगिन, कधी कधी डोमेनचं सर्व्हिस अकाउंटही असतं, आणि डिस्क काढून घेतल्या तरी हे सगळं बोर्डवरच राहतं. बीएमसी फॅक्टरी रिसेट करा, टीपीएम क्लिअर करा, बायोसचा पासवर्ड काढा, आणि रेड कार्डावरही सेटिंग असतं ते पुसा. तोच पासवर्ड बाकीच्या सर्व्हरवर वापरला असेल तर तिथे बदला, आणि हे मशीन दाराबाहेर जायच्या आधी.